सातवा शेजारी

सूर्याभोवती एक ग्रह फिरवून दाखवावा, एवढाच माफक संकल्प सोडून जो शिकाऊ मनुष्य संगणकापुढे बसतो, त्याला पहिल्या दिवशी बहुधा असा अनुभव येतो की, ग्रह दोन-चार प्रदक्षिणा बिनतक्रार घालतो, नंतर त्याची कक्षा फेरीगणिक किंचित रुंदावू लागते, आणि अखेर सूर्याचा अंमल झुगारून तो पडद्याच्या कडेपलीकडे निघून जातो. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम आज्ञावलीत अक्षरशः बरोबर उतरवलेला असतो. वस्तुमानांचे आकडे, अंतराचा वर्ग, या सगळ्यांची रुजुवात झालेली असते. आणि तरीही आपल्या सूर्यमालेत साडेचार अब्ज वर्षांत पृथ्वीच्या बाबतीत जे घडले नाही, ते पडद्यावर अर्ध्या मिनिटात घडून जाते.

कारण शोधू गेल्यास ते नियमात सापडत नाही. हुकमांच्या क्रमात सापडते. निसर्गात काळ अखंड वाहतो. यंत्रात तो ठोक्याठोक्याने पुढे न्यावा लागतो, आणि प्रत्येक ठोक्याला यंत्राने काय करावे ते लिहून द्यावे लागते. साधा मनुष्य सहजपणे तीन हुकूम लिहितो: ग्रह आहे त्या जागेवरून सूर्याची ओढ किती ते काढ, सध्याच्या वेगाने ग्रहाची जागा बदल, मग त्या ओढीने वेग बदल. अठराव्या शतकातील थोर गणिती ऑयलर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत. तिच्यात खोट एवढीच की, त्या एका ठोक्यापुरता ग्रह वळणावरून न जाता स्पर्शरेषेवरून सरळ जातो, म्हणजे दर वेळी कक्षेच्या किंचित बाहेर पडतो, आणि चूक नेहमी एकाच बाजूला होत असल्यामुळे ती कधीच फिटत नाही, साचत जाते. ग्रहाच्या खात्यावर कोणीही न दिलेली ऊर्जा जमा होत राहते. यावरचा उपाय ऐकून नवख्याचा विश्वास बसत नाही. दुसरा आणि तिसरा हुकूम यांची अदलाबदल करायची: आधी वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगाने जागा बदलायची. एवढ्यानेच ग्रह ठिकाणावर येतो. त्याची कक्षा तंतोतंत खरी होते असे नव्हे, ती थोडीशी डुलते. परंतु ऊर्जेचा जमाखर्च एका मर्यादेत वरखाली होऊन तेथेच राहतो, आणि ग्रह परागंदा होत नाही.

नैसर्गिक व्यवहारांची प्रतिरूपे संगणकावर उभी करण्याच्या विद्येविषयी सर्वसाधारण समज असा आहे की, ज्याला निसर्ग कळला त्याने तो यंत्राला समजावून सांगायचा, म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात व्यवहार बरेचदा उलट्या दिशेने चालतो. यंत्र स्वतःहून काहीही गृहीत धरत नाही, आणि म्हणूनच आपण किती गोष्टी न बोलता गृहीत धरल्या होत्या, त्यांची यादी एकेक करून बाहेर येऊ लागते. ज्यांना ही यादी पाहण्यात गोडी वाटते त्यांनीच या वाटेला जावे; ज्यांना केवळ सुंदर चित्र हवे असेल त्यांना ते याहून पुष्कळ स्वस्तात मिळते.

या विद्येचा पहिला मोठा प्रयोग संगणक अस्तित्वात येण्यापूर्वी झाला, आणि तो सपशेल फसला. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला धर्मतः विरोध असलेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र हाती न घेता फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणारी गाडी चालवण्याचे काम पत्करले. त्या धामधुमीत फुरसतीच्या वेळी, गवताच्या गंजीला मेज मानून, त्यांनी असे गणित मांडले की, मध्य युरोपचा नकाशा चौकोनांत विभागून, २० मे १९१० या दिवशी सकाळी प्रत्येक चौकोनात हवेचा दाब, वारा, उष्णता आणि बाष्प किती होते ते प्रत्यक्ष नोंदींवरून भरावे, आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनी सहा तासांत त्यांत काय फेरफार होईल ते हातानेच काढावे. हवामान त्या दिवशी कसे होते हे दफ्तरी नमूद होतेच. पडताळा लगेच मिळण्यासारखा होता. आठवडेच्या आठवडे खपून उत्तर आले ते असे की, सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारांनी वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ जागचा हलला नव्हता, आणि एवढा चढ-उतार तर भयंकर चक्रीवादळाच्या पोटातही सहा तासांत होत नाही.

१९१७ च्या एप्रिलमध्ये शॅंपेनच्या लढाईच्या गर्दीत या हिशेबाचे हस्तलिखितच हरवले, आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. मला या गृहस्थांविषयी विशेष आदर वाटतो तो अशासाठी की, १९२२ साली ग्रंथ प्रसिद्ध करताना त्यांनी हे चुकलेले उत्तर दडवले नाही, सर्व तक्त्यांसह छापले. आणि त्याच ग्रंथात असे एक स्वप्नही रंगवले की, एका विराट गोल नाट्यगृहाच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रेखाटलेला आहे, आपापल्या प्रदेशापुढे चौसष्ट हजार माणसे बसून आकडेमोड करीत आहेत, आणि मधल्या उंच चौथऱ्यावर उभा असलेला अधिकारी, जे हिशेबात पुढे धावले त्यांच्यावर गुलाबी प्रकाशाचा झोत आणि जे मागे रेंगाळले त्यांच्यावर निळा झोत टाकून सगळ्यांना एका चालीत ठेवीत आहे. आजच्या महासंगणकात हजारो गणकांना एकमेकांसाठी थांबायला लावणारी जी यंत्रणा असते, तिचे काम हुबेहूब हेच. खुद्द आपल्या देशात, त्याच सुमारास, वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर शिमल्यात हिंदी कारकुनांच्या मदतीने जगभरच्या वायुदाबांचे आणि पावसाचे परस्परसंबंध हातांनी मोजवून घेत होते. त्यांच्या रीतीत भौतिकशास्त्राचे समीकरण नव्हते, केवळ आकड्यांची आकड्यांशी सोयरीक होती, पण त्यातूनच त्यांना प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील दाबांचा झोका सापडला. पुढे १९२८ मध्ये त्या खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास हलले, आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला ‘सिमला ऑफिस’ हे नाव पडले ते आजतागायत चालते. बसथांब्याचे नाव म्हणून ते उच्चारणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना त्याचे मूळ ठाऊक असेल, कोण जाणे.

रिचर्डसन यांचे उत्तर का बिघडले याचा उलगडा नंतरच्या पिढ्यांनी केला. समीकरणे खोटी नव्हती. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. निसर्गात हे दोन्ही एकमेकांना सांभाळून असतात. मोजणीतल्या बारीकसारीक उणिवांमुळे कागदावर तो तोल ढळला, आणि वातावरणातून वेगाने धावणाऱ्या ज्या लहरी हवामानाच्या दृष्टीने क्षुल्लक असतात, त्यांनी सगळा हिशेब गिळून टाकला. आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी त्याच नोंदी तोलून-सावरून रिचर्डसन यांच्याच रीतीला पुन्हा दिल्या, तेव्हा उत्तर समंजस आले. ठोका किती लांबीचा असावा याचाही एक दंडक १९२८ साली कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी घालून दिला: एका ठोक्यात कोणत्याही लहरीने एका चौकोनाहून अधिक पल्ला ओलांडता कामा नये, नाहीतर आकडे फुगत फुगत अनंताकडे जातात. चौकोन निम्मे लहान केले की ठोकाही निम्मा करावा लागतो. आणि म्हणून सूक्ष्मता दुप्पट केली की काम दुपटीने नव्हे, निदान आठपटीने वाढते. १९५० मध्ये एनियाक या यंत्रावर चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी सुटसुटीत केलेल्या समीकरणांनी चोवीस तासांचे भाकीत काढले, त्याला जवळजवळ चोवीसच तास लागले. म्हणजे यंत्र कसेबसे निसर्गाच्या बरोबरीने चालले.

या इतिहासात आकडे प्रत्यक्ष यंत्रात घालणाऱ्या व्यक्ती तळटीपांत राहून गेल्या, आणि त्यांत स्त्रियाच अधिक. लॉस अलामॉस येथे १९५५ साली फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांच्या माळेचा जो प्रसिद्ध प्रयोग नोंदवला, त्याची आज्ञावली मेरी त्सिंगू यांची होती. आभाराच्या ओळीपलीकडे त्यांना जागा मिळाली नाही, आणि प्रयोगाच्या नावात त्यांचे नाव घेण्याचा प्रघात पडायला अर्धशतक जावे लागले. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांच्या कामातही एलन फेटर आणि मार्गारेट हॅमिल्टन या दोघींचा हात होता. लोरेन्झ यांची ती हकीकत आता इतकी प्रचलित झाली आहे की तिचा तपशील लोक विसरतात. १९६१ मध्ये, मेजाएवढ्या यंत्रावर चालू असलेल्या हवामानाच्या प्रतिरूपाचा एक भाग पुन्हा पाहावा म्हणून त्यांनी कागदावर छापून आलेला ०.५०६ हा आकडा यंत्राला दिला आणि ते कॉफी प्यायला गेले. यंत्राच्या स्मृतीत मात्र तो ०.५०६१२७ असा होता. परत येऊन पाहतात तो नवे हवामान जुन्याशी थोडा वेळ जुळून नंतर पार वेगळ्या वाटेला लागले होते. फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने दूर कुठे वादळ उठावे, ही उपमा नंतरची, आणि ती लोकांना फार आवडली. पण शिकणाऱ्याला याहून उपयोगाची गोष्ट ही की, छापील कागद आणि यंत्राची स्मृती यांत तीन अंकांचा फरक आहे हे कोणाच्याही लक्षात येण्याजोगे होते आणि तो क्षुल्लक मानणे तेव्हाच्या शहाणपणाला धरूनच होते.

पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ पासून आहे, आणि मॉन्सूनचे प्रतिरूपण हे तिथले मुख्य काम. २०१८ साली तेथे ‘प्रत्युष’ नावाचा महासंगणक बसला, २०२४ मध्ये ‘अर्क’ आला, आणि त्याच्या बळावर २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या नावाने जी प्रणाली सुरू झाली, तिच्यात चौकोनाची बाजू बारा किलोमीटरांवरून सहा किलोमीटरांवर आली. शहरात बसून वाचणाऱ्याला हा फरक कारकुनी वाटण्याचा संभव आहे. सह्याद्रीच्या माणसाला तसा तो वाटू नये. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि रस्त्याने जेमतेम बत्तीस-तेहतीस किलोमीटरांवर असलेल्या वाईला त्याचा अगदी लहान हिस्सा. मध्ये पसरणीचा घाट. चौकोन मोठा असला की कोकणचा कडा, माथा आणि देशाकडचा उतार हे सगळे एकाच सरासरी उंचीचे होऊन बसतात, कडा कापला जातो, आणि समुद्रावरून आलेल्या वाऱ्याला ज्या धक्क्याने वर चढायचे तो धक्काच हिशेबात उरत नाही. गावातल्या काही शेतांचे पीक कापून अख्ख्या गावाची आणेवारी ठरवतात आणि मग ओढ्याकाठच्या मळ्याला व माळावरच्या खडकाळ जमिनीला एकच आकडा लागतो, तसाच हा प्रकार.

सहा किलोमीटरांवर येऊनही ढग हाती लागत नाही, कारण एकेकटा ढग बहुधा त्याहूनही लहान असतो. मग चौकोनात सरासरी बाष्प इतके आणि वारा इतका असेल, तर त्याच्या पोटात ढग किती बनतील व किती बरसतील, याचा एक नियम निरीक्षणांवरून बेतून आत बसवावा लागतो. या जागी भौतिकशास्त्र थोडे थांबते आणि अनुभवाने मुक्रर केलेले आकडे बोलू लागतात. याच संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची उंचावरील प्रयोगशाळा चालवली आहे. तेथे ढग खिडकीशी येतो, आणि त्यातील थेंबांचे आकार मोजता येतात. प्रतिरूपातल्या बेतलेल्या नियमांची रुजुवात शेवटी अशाच ठिकाणी होते.

समीकरणांची ही वाट लांबची आणि खर्चिक. घरबसल्या शिकणाऱ्यांची भरती मात्र बहुतेक दुसऱ्या वाटेने होते. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात जॉन कॉन्वे यांचा ‘लाइफ’ हा खेळ छापला, आणि चौकटींच्या पाटावर दोन-तीन नियमांनी जीवसृष्टीसारखे काही घडू शकते हे पाहून जगभरचे गणिती वेडावले. जिवंत घराला आठांपैकी दोन किंवा तीन शेजारी जिवंत असले तर ते जगते, एरवी मरते. रिकाम्या घराला बरोबर तीन असले तर ते जन्मते. एवढा हा खेळ वीस ओळींत लिहून होतो. मात्र या वीस ओळींतही एक मेख आहे: घरामागून घर घेत जाताना नवी स्थिती त्याच पाटावर लिहीत गेले, तर पुढच्या घराच्या शेजाऱ्यांपैकी काही नव्या पिढीचे आणि काही जुन्या पिढीचे निघतात, आणि पाटावर सरपटत जाणारी या खेळातली सुप्रसिद्ध आकृती मुळी उठतच नाही. म्हणून दोन पाट ठेवावे लागतात, एक वाचायचा आणि एक लिहायचा. ‘सगळे एकाच क्षणी’ हे निसर्गात फुकट मिळते. यंत्रात त्यासाठी दुप्पट जागा मोजावी लागते.

अशा शिक्षणाची साधने गेल्या साठ वर्षांत पुष्कळ झाली. १९६७ मध्ये पेपर्ट, फॉयर्झाइग आणि सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ घडवली, तिचे हुकमाप्रमाणे रेघा काढीत फिरणारे कासव सर्वांना ठाऊक आहे, १९९९ मध्ये युरी विलेन्स्की यांच्या ‘नेटलोगो’ने त्या एका कासवाची हजारो कासवे केली, म्हणजे लांडगे-मेंढ्या, वणवा, रोगराई यांची प्रतिरूपे शाळकरी मुलालाही लिहिता येऊ लागली, २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी चित्रकारांसाठी ‘प्रोसेसिंग’ काढली, आणि न्यूयॉर्कचे अध्यापक डॅनिअल शिफमन यांनी तिच्या आधारे ‘द नेचर ऑफ कोड’ हे पुस्तक २०१२ साली लिहिले, ज्यातून आज या विषयाचे अनेक हौशी विद्यार्थी तयार होतात. या पुस्तकात जी उदाहरणे आहेत त्यांत एक थव्याचे.

ते मूळचे क्रेग रेनल्ड्स यांचे. १९८७ च्या एका संगणकचित्र परिषदेत त्यांनी असे दाखवले की, थव्याला नायक लागत नाही, नकाशा लागत नाही. प्रत्येक पक्ष्याने ठरावीक अंतराच्या वर्तुळातल्या शेजाऱ्यांकडे पाहून तीनच गोष्टी पाळाव्या: फार जवळ आलेल्यापासून दूर सरावे, सर्वांच्या सरासरी दिशेने तोंड करावे, आणि सर्वांच्या मध्याकडे थोडे झुकावे. पडद्यावर जे उडते ते पाहून माणूस थक्क होतो. पुढे ‘बॅटमन रिटर्न्स’ या चित्रपटातील वटवाघळांचे थवे याच रीतीने उडाले, आणि १९९८ मध्ये रेनल्ड्स यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला.

आपल्याकडे थव्याची ओळख पडद्यापेक्षा शेतात अधिक. पावसाळा सरता सरता मध्य आशियाकडून भोरड्या येतात. फिकट गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. ज्वारी हुरड्यात आली की सोलापूर-नगरकडचा शेतकरी मचाणावर चढून गोफण फिरवतो तो यांच्यासाठीच. उजनीच्या जलाशयाकाठी हिवाळ्यात सूर्य कलताना मी त्यांचा थवा पाहिला आहे. बाभळींवर उतरण्यापूर्वी तो बराच वेळ नुसता फिरतो, मध्येच चपटा होतो, एका कडेला दाट होऊन काळा पडतो, आणि ससाणा शिरला की फाटल्यासारखा होऊन पुन्हा सांधला जातो. रेनल्ड्स यांचे तीन नियम ज्याने लिहिले असतील त्याला ते पाहताना फार समाधान वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी सावध राहावे. तीन नियमांनी असा थवा उडतो, यावरून पक्षी तेच तीन नियम पाळतात, हे सिद्ध होत नाही.

हे तपासायला कोणीतरी खऱ्या पक्ष्यांकडे जायला हवे होते. ते काम रोममध्ये झाले. हिवाळ्यात उत्तर युरोपातील साळुंख्यांच्या जातीचे पक्षी त्या शहरात लाखोंनी उतरतात; तेर्मिनी स्थानकाजवळच्या पालाझ्झो मासिमो या प्रासादाच्या गच्चीवर एकाच क्षणी उघडणारे कॅमेरे लावून, इटलीच्या भौतिकशास्त्रज्ञांनी दर सेकंदाला दहा चित्रे घेतली, आणि त्यांवरून हजार-दोन हजार पक्ष्यांच्या थव्यातील एकेका पक्ष्याची त्रिमितीतली जागा काढली. हजारो सारख्या ठिपक्यांपैकी या चित्रातला हा ठिपका त्या चित्रातला कोणता, ते ओळखण्यातच मोठी तजवीज लागली. मग त्यांनी विचारले की, एका पक्ष्याचा सर्वांत जवळचा शेजारी कोणत्या दिशेला असतो? उत्तर आले की तो समोर-मागे क्वचित, बाजूला अधिक. दुसरा शेजारीही तसाच, तिसराही. हा कल उतरत उतरत सहाव्या-सातव्या शेजाऱ्यापाशी संपतो, आणि त्यापुढचे पक्षी कोणत्याही दिशेला सारखेच विखुरलेले असतात. थवा विरळ असो वा दाट, मीटरांतले अंतर बदलते. सहा-सात हा आकडा बदलत नाही. म्हणजे पक्षी वर्तुळ आखून त्यातले शेजारी पाहत नाही, तर जवळचे सहा-सात शेजारी पाहतो, मग ते कितीही दूर असोत. २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या मंडळींतले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी यांना पुढे २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः वेगळ्या कामासाठी, परंतु गुंतागुंतीच्या व्यवस्थांसाठीच. आणि त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग हवामानाच्या प्रतिरूपांचे आद्य कारागीर मानाबे आणि हासेलमान यांना गेला.

रोमच्या गच्चीवरून आलेली ही दुरुस्ती घरच्या संगणकावर करून पाहता येते, आणि मला वाटते की शिकणाऱ्याने ती करावीच. वर्तुळाचा नियम काढून सातांचा नियम घातला, तर शांतपणे उडणाऱ्या थव्यात डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो ससाणा सोडल्यावर. वर्तुळाचा थवा फाटला की जे वर्तुळाबाहेर गेले ते कायमचे परके होतात आणि थव्याचे तुकडे तसेच भटकत राहतात. सातांच्या थव्यात दूर फेकला गेलेला पक्षीही आपल्या सातांकडेच पाहत असल्याने थवा पुष्कळदा पुन्हा जुळतो. मात्र या नियमाची किंमत वेगळ्या जागी चुकवावी लागते. वर्तुळात कोण आहे एवढेच पाहायचे असेल तर प्रत्येक अंतरामागे एक तुलना पुरते. जवळचे सात निवडायचे तर अंतरांची आपसांतही तुलना करावी लागते, आणि मुळात नियम कोणताही असो, हजार पक्षी असले की दर ठोक्याला सुमारे दहा लाख अंतरे मोजली जाऊन थवा पडद्यावर अडखळू लागतो. तेव्हा आकाशाचे चौकोन पाडून, प्रत्येक पक्ष्याचे शेजारी फक्त भोवतालच्या चौकोनांत शोधण्याची युक्ती योजतात; आणि विरळ आकाशात एखाद्या पक्ष्याचा सातवा शेजारी त्या चौकोनांत सापडला नाही, तर शोध आणखी किती चौकोन लांब न्यायचा, हेही लिहूनच द्यावे लागते.